तिसरा चौकोन

आंबोली नाक्यावर आजवर कोणी आपल्या पायांनी गेलेलं नाही. मालवणच्या सिंधुसागर मच्छीमार संघाचे मासळीचे ट्रक बेळगावकडे जातात, त्यांची नोंद करायला घाटमाथ्यावर पत्र्याची एक खोली आहे. खोलीत एक टेबल, एक कारकून आणि चार महिने पाऊस, एवढाच सरंजाम. संघात ज्याचं काही चुकायचं त्याला तिथे 'काही दिवस' पाठवत. महादू राऊळ असाच काही दिवसांसाठी गेला तो नऊ वर्षांनी निवृत्त होऊनच खाली उतरला. उतरल्यावरही सहा महिने तो चपला चुलीवर शेकवूनच पायात घालत होता, असं त्याची बायको सांगते.

तेव्हा सत्त्याऐंशी सालच्या पावसाच्या तोंडावर संघाचे चेअरमन भाई मोंडकर यांनी भर सभेत सांगून टाकलं, "नारळी पौर्णिमेक होड्यांची कार्डां कंप्युटरातसून भायर पडाक होयी. नाय पडली तर जबाबदार माणूस आंबोलीक जातलो." आणि सगळी सभा मान वळवून हरिश्चंद्र तोंडवळकरांकडे बघू लागली. तोंडवळकर वरिष्ठ कारकून, वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षं, आणि दमा वीस वर्षं. पावसाळ्यात मालवणात राहूनच त्यांची छाती भाता होते. तिथे आंबोली म्हणजे काय, हे डॉक्टरांनी न सांगताही कळण्यासारखं होतं.

हे जबाबदार माणूसपण त्यांच्या गळ्यात आलं ते एका जुन्या पापामुळे. ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्याला किल्ली तोंडवळकर देत आणि सायक्लोस्टाइलचं मशीन अडलं की दोन थपडा मारून तेच चालू करत. एवढ्यावरून संघात त्यांना यंत्रातलं कळतं असा लौकिक झाला होता. कंप्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पणजीला त्यांनाच धाडलं. चार दिवसांतला एक दिवस रविवार होता आणि एक दिवस शिकवणाऱ्याला ताप होता. उरलेल्या दोन दिवसांत कंप्युटर चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा, हे तोंडवळकर शिकून आले. त्यातलं बंद करणं वाया गेलं, कारण ते पुढे कंप्युटरने स्वतःच सांभाळलं.

कंप्युटर देणारी कंपनी पणजीचीच. तिचा इंजिनियर कायतान फर्नांडिस मूळचा रेडीचा, वय अठ्ठावीस, मिशी बेताची, हातात चामड्याची बॅग. बॅगेत एक पेचकस, एक ब्रश आणि फॉर्मांचं पुस्तक. पेचकस तो क्वचित काढी. फॉर्म मात्र खुर्चीवर बसायच्या आधी बाहेर येई. त्या फॉर्मवर दोन चौकोन होते: 'यंत्राचा दोष' आणि 'वापरणाऱ्याचा दोष'. दर भेटीला त्यातल्या एकात खूण करायची आणि खाली दोघांनी सही करायची. वापरणाऱ्याच्या चौकोनात तीन खुणा झाल्या की फुकट दुरुस्ती बंद, असा करार होता. भाईंनी तो करार वाचला नव्हता, पण तीन हा आकडा त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता.

पहिल्या दिवशी कायतानने कंप्युटरची खोली लावून दिली आणि नियम सांगितले. खोलीला एअर कंडिशनर पाहिजे. खिडक्या बंद. आत पडदे. चपला बाहेर काढायच्या, कारण धूळ चालत नाही. आता मालवणात चपला बाहेर काढून, गार काळोख्या खोलीत, हळू आवाजात बोलत कोणाच्या भेटीला जातात, हे कायतानला कळायला हवं होतं. तो ख्रिश्चन असला तरी रेडीचा होता आणि त्याच्या आईने रेडीच्या गणपतीला त्याच्या नोकरीसाठी नवस बोलला होता. पण माणूस कंपनीचा झाला की असल्या गोष्टी विसरतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंप्युटर पहिल्यांदा बंद पडला. अकरा वाजून गेले होते. तोंडवळकरांनी सकाळपासून एकतीस होड्या, त्यांचे मालक आणि नंबर आत घातले होते, आणि बत्तिसावी होडी घालताना पडदा डोळा मिटल्यासारखा काळा झाला. अर्ध्या तासाने तो आपणहून चालू होण्याजोगा झाला, पण एकतीस होड्या बुडाल्या त्या बुडाल्याच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग पणजीला ट्रंक कॉल लावला. तो लागायला तीन तास लागले.

"बंद करून परत चालू करा," पलीकडून कायतान म्हणाला.

"बंद आम्हाला करावा लागत नाही. तो स्वतःच होतो."

"मग नुसता चालू करा."

"तो होतो चालू. आतलं गेलेलं असतं त्याचं काय?"

"मधे मधे साठवून ठेवत चला ना."

"साठवत असतानाच बंद पडला, तर काय करायचं ते पणजीत शिकवलं नाही. त्या दिवशी रविवार होता."

हे दोघं ऑफिसातही असेच शुद्ध मराठीत भांडत. मालवणीत भांडण सुरू झालं की एक तर ते लगेच मिटतं नाहीतर लगेच अंगावर येतं, आणि दोन्ही गोष्टी कंपनीच्या नियमात बसत नव्हत्या.

कायतान तिसऱ्या दिवशी आला, पणजी-सावंतवाडी-कुडाळ-मालवण अशा तीन एसट्या बदलून, गुडघ्यापर्यंत चिखलात. आल्या आल्या त्याने कीबोर्ड उलटा केला आणि आपटला. त्यातून रुपयाएवढा एक चकचकीत तुकडा खाली पडला. तो चिमटीत धरून त्याने उजेडात बघितला.

"हे काय आहे?"

तोंडवळकरांनी चष्मा वर केला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काय की बुवा, तुमच्याच मशीनचा तुकडा असेल. पण मालवणचा माणूस माशाच्या बाबतीत खोटं बोलू शकत नाही. "तांबोशीचा खवला," ते म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "दोन किलोची असावी."

झालं होतं ते असं. भाईंकडे कोणीतरी तांबोशी आणून दिली होती, भाई मीटिंगमध्ये होते, आणि शिपाई बाबली घाड्याने मासळी खराब होऊ नये म्हणून ती ऑफिसातल्या एकमेव गार खोलीत ठेवली होती. मासळीच्या वासाने ऑफिसचं मांजर आत गेलं होतं. मांजराला कंप्युटरचे नियम लागू नव्हते. कायतानने 'वापरणाऱ्याचा दोष' या चौकोनात खूण केली. मांजर हे वापरणारं कसं, असं तोंडवळकरांनी विचारून बघितलं. "मांजर यंत्रात धरता येत नाही," कायतान म्हणाला, आणि त्यांना सही करावी लागली.

घरी त्यांनी ही हकिकत सांगितली. त्यांची बायको कावेरी ऐकता ऐकता उठली. तिने ट्रंकेतून राखाडी लोकर काढली आणि मफलर विणायला घेतला.

"आंबोली ठरली नाही अजून," तोंडवळकर म्हणाले.

"माका ठावक आसा. नाय तर नाय. लोकर खराब होता ती," कावेरी म्हणाली, आणि तिने टाके घातले.

मालवणात एखाद्या घरात दुखणं आलं की शेजारी औषध घेऊनच येतो, तसं ह्या कंप्युटरचं झालं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, दृष्ट लागली असात, मीठ-मिरच्या ओवाळा. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, हवेत क्षार फार, रोज खोबरेल तेलाचा हात फिरवा, माझी सायकल अठरा वर्षं तशीच टिकली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की खाली पंचवीसचा बल्ब लावून ठेवा, ओल धरत नाही. खोलीत गारवा ठेवायला एअर कंडिशनर आणि ऊब ठेवायला बल्ब, असं एक आठवडा दोन्ही चालू होतं. कंप्युटर रोज अकराच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी बंद पडतच होता. जवळच्या टेबलावरच्या टायपिस्ट कार्मेलिनाबाई देवबागच्या. त्यांनी वीस वर्षांत एकाच टाइपरायटरवर संघाचे सहा चेअरमन टाइप केले होते. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरो झालो की सांगा," आणि कागदांखाली कार्बन सारून पुन्हा कामाला लागल्या.

दुसरी खूण बाबलीच्या सचोटीमुळे झाली. हे नीट सांगायला हवं, कारण ह्यात बाबलीला नाव ठेवण्याची सोय नाही. कोकणातल्या पावसात कागद ओले होतात, त्यांना बुरशी धरते, कसर लागते. म्हणून श्रावणात पहिलं कडक ऊन पडलं की सगळं दप्तर अंगणात काढून त्याला ऊन दाखवायचं, ही संघाची पहिल्यापासूनची पद्धत. बाबली ती दरवर्षी न सांगता पाळी. त्याही वर्षी त्याने रजिस्टरं, फाइली, बिलबुकं चटयांवर मांडली, आणि कपाटात खोक्यात घालून ठेवलेल्या बारा चौकोनी काळ्या फ्लॉप्या त्याला दिसल्या. त्या दप्तरच होत्या, तोंडवळकरांनीच त्याला तसं सांगितलं होतं. हात लावून बघितल्या तर जराशा दमट. बाबलीने त्या जपून ओळीने उन्हात मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर समुद्रावरचा एक गुळगुळीत धोंडा ठेवला, आणि तासाने उलथवल्या. दोन्ही बाजू सारख्या वाळाव्यात म्हणून.

तोंडवळकर जेवून आले तेव्हा फ्लॉप्या पापडासारख्या वर वळल्या होत्या.

"बाबली, ह्या काय केलंस रे?" त्यांनी विचारलं.

"ऊन दाखवलंय," बाबली म्हणाला. "एक मातर जरा जास्त वाळली. पण काळजी नको, रात्री दवात ठेवलंय की सरळ होतली."

तीन दिवसांनी आलेल्या कायतानने एक वळलेली फ्लॉपी हातात घेतली, कंप्युटरच्या फटीत घालून बघितली, ती जाईना. "कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, पाण्यापासून दूर ठेवा, लोहचुंबकापासून दूर ठेवा. उन्हात वाळत घालू नका असं लिहिलेलं नाही," तो थकून म्हणाला. "आता ते लिहायला सांगतो." आणि दुसरी खूण केली. तोंडवळकरांनी सही केली. घरी मफलर हातभर झाला होता.

खरं म्हणजे कंप्युटर बंद पडण्याचा ह्या फ्लॉप्यांशी काही संबंध नव्हता. त्या वाळण्याआधीही तो अकराच्या सुमारासच बंद पडत होता. पण कायतान तीन दिवसांनी यायचा, त्याला काहीतरी सापडायचं, आणि सापडलेल्या गुन्हेगाराला सोडून न सापडलेल्याला कोण शोधत बसतो? पोलिसही शोधत नाहीत, मग कंपनीने का शोधावं.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या सुटायच्या, आणि ह्या वर्षीपासून कंप्युटरने काढलेलं कार्ड दाखवल्याशिवाय कोणाला बर्फ किंवा डिझेल मिळणार नव्हतं. हा नियम भाईंचाच. नौकावाले ऑफिसात येऊन बसू लागले. तोंडवळकर पणजीला ट्रंक कॉल लावायला पोस्टात गेले होते. दोन तासांनी परत आले तर कंप्युटरच्या खोलीबाहेर तीस-पस्तीस चपलांचे जोड.

आत सगळे हात जोडून उभे होते. पुढे भाई, त्यांच्यापुढे बाबली. बाबली शिपाई असला तरी घराण्याने घाडी. गावच्या देवळात देवासमोर गाऱ्हाणं घालायचा आणि कौल घ्यायचा मान त्याच्या घरात. देवाच्या मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या, म्हणजे कळे, उजवीकडे आणि डावीकडे चिकटवायचे. प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. इथे मूर्ती नव्हती. कळे पडद्यावर लावलेले होते, आणि बाबलीच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"बा म्हाराजा," बाबली म्हणत होता, "हयसर जो कोण बसलेलो आसात, तेका आमी वळखूक नाय. मांजर शिवला असात, मासळीचो वास लागलो असात, लेकरांका समाज नाय म्हणान पोटात घाल. आणि आमच्या होड्यांची नावां जशी घेतलस तशी परत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तोंडवळकरांच्याही तोंडून निघून गेलं.

पडदा तापलेला होता. त्यामुळे दोन्ही कळे वाळून एकदमच पडले. असा कौल बाबलीच्या बापजाद्यांनी बघितला नव्हता. त्याने पुन्हा पाणी लावून कळे चिकटवले. पुन्हा दोन्ही पडले. तिसऱ्यांदा त्याने सढळ हाताने पाणी लावलं, ते पडद्यावरून ओघळून कीबोर्डात उतरलं, आणि त्याच क्षणी कंप्युटर बंद झाला. नौकावाले एकमेकांकडे बघायला लागले. डावा, असं कोणीतरी पुटपुटलं. तोंडवळकरांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. किल्ली तेच देत असल्यामुळे त्या घड्याळावर त्यांचा विश्वास होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

कायतान दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाला. कीबोर्डातून त्याने जास्वंदीची एक पाकळी काढली आणि फॉर्मवर ठेवली. त्याने पेन उघडलं.

"एक दिवस थांबा," तोंडवळकर म्हणाले. "उद्या सकाळी साडेअकरापर्यंत. मग हवी तिथे खूण करा, मी सही करतो."

"माझी परतीची गाडी आहे."

"माझ्याकडे रहा."

म्हणून कंपनीचा इंजिनियर त्या दिवशी तोंडवळकरांच्या पडवीत, सोलकढी पीत बसला. कावेरी त्याच्यासमोर बसून मफलर विणत होती. तो आता कंबरेपर्यंत आला होता.

"आंबोलीक थंडी किती असता ओ?" तिने विचारलं. "म्हणजे अजून किती लांब करू, ता समाजता."

कायतानने वाटी खाली ठेवली. थोड्या वेळाने तो तोंडवळकरांना म्हणाला, आणि पहिल्यांदाच मालवणीत म्हणाला, "माका पण तीनच आसत, तोंडवळकरानू. यंत्राचो दोष तीन वेळा लिवलंय की कंपनी माका घराक धाडतली. दोन झाले. एक कुडाळाक, एक म्हापशाक. म्हणान मी तुमच्या चौकोनात खूण करतंय."

"तसा आधी सांगूचा ना," तोंडवळकर म्हणाले. त्यांना त्याचा राग यायचा राहूनच गेला. राग येण्यासाठी समोरचा आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कायतानने कीबोर्ड ब्रशने आणि फुंकरीने वाळवला. बाबलीला, मांजराला आणि भक्तांना बाहेर ठेवलं. दोघं कंप्युटरसमोर दोन खुर्च्या टाकून बसले. होड्या आत जाऊ लागल्या. अकरा वाजले. अकरा-पाच झाले. अकरा-दहाला वरची ट्यूब एकदा पिवळी झाली, भिंतीतून घूं असा आवाज आला, आणि पडदा काळा झाला.

तोंडवळकर उठले आणि अनवाणीच आवाजाच्या दिशेने गेले. ऑफिसच्या मागे संघाचा बर्फाचा कारखाना. पावसात मासेमारी बंद, म्हणून कारखाना बंद. दाराला कुलूप असायचं, पण आज दार उघडं होतं. आत भिकाजी मिस्त्री मोटरीजवळ बिडी ओढत उभा होता आणि मोटर गरगर फिरत होती.

"कारखानो बंद आसा ना रे?" तोंडवळकरांनी विचारलं.

"बंदच आसा," भिकाजी म्हणाला. "मी निसती मोटर फिरवतंय. पावसात रोज फिरवली नाय तर गंजता, मगे जाम होता. माझ्या बापापासून फिरवतत."

"रोज?"

"रोज. चाय घेतलंय की येतंय. अर्धो तास."

म्हणजे इकडे मोटर वीज ओढायची आणि तिकडे कंप्युटर डोळा मिटायचा. दोन महिने मांजर, फ्लॉप्या आणि देव यांच्यावर घातलेलं बालंट भिकाजीच्या चहावर येऊन थांबलं होतं. त्यांना हायसं वाटलं. आंबोली घाटातच राहिली, असं त्यांना वाटलं, पण ते जेमतेम दोन मिनिटं.

परत येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा कायतान आनंदला नाही. त्याने बॅगेतून एक जुना कागद काढला. कंप्युटर बसवला त्या दिवशीचा दाखला. त्यावर लिहिलं होतं, 'कंप्युटरसाठी स्वतंत्र वीजवाहिनी: आहे.' खाली सही: ह. रा. तोंडवळकर.

तोंडवळकरांना तो दिवस लख्ख आठवला. स्वतंत्र लाईन घेतलेली नव्हती. कंप्युटर बर्फाच्या कारखान्याच्याच लाईनवर जोडला होता. हे त्यांनी भाईंना दाखवलं होतं. तेव्हा भाई खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "अहो तोंडवळकर, पावसात कारखानो बंद. म्हणजे ती लाईन आता कोणाची? कंप्युटराचीच. म्हणजे स्वतंत्रच नाय काय ती? करा सही." आणि युक्तिवाद इतका गोल होता की त्यांना कुठून धरावा ते कळलं नव्हतं. त्यांनी सही केली होती. आईबापांनी नाव हरिश्चंद्र ठेवलं तेव्हा त्यांना अशा दाखल्यांची कल्पना नसावी.

"आता काय लिवू?" हे सगळं ऐकून कायतान हळूच म्हणाला. "यंत्राचो दोष नाय. वापरणाऱ्याचो पण नाय. आणि तुमच्या भाईंसाठी हयसर चौकोन नाय."

तो दाखला फाडून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. कायतानने तो टेबलावर ठेवून तोंड दुसरीकडे फिरवलंही होतं. तोंडवळकरांनी त्या सहीकडे बघितलं. सही चांगली होती, वळणदार, सव्वीस वर्षांच्या नोकरीत घोटलेली. त्यांना तिची लाज वाटली. मग त्यांनी कार्मेलिनाबाईंच्या टेबलावरची पट्टी आणली, फॉर्मवर दोन चौकोनांच्या खाली तेवढाच तिसरा चौकोन आखला, त्याच्यापुढे लिहिलं, 'सही करणाऱ्याचा दोष', आणि त्यात खूण केली. खाली पुरं नाव लिहिलं. हरिश्चंद्र रामचंद्र तोंडवळकर.

"पट्टी जाग्यार ठेवा," कार्मेलिनाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला. दोनशे चौदा होड्यांची कार्डं, स्वच्छ टाइप केलेली, कार्बन कॉपीसकट. "तुमचा भांडान चालू होता तवसर करून ठेवलंय. नायतर पुनवेक झील माझो खंय जातलो बर्फाशिवाय." त्यांच्या मुलाची होडी होती, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं.

म्हणजे कार्डं वेळेत निघाली, ती कंप्युटरातून निघाली नाहीत हे बर्फ देताना कोणी विचारलं नाही, नारळ वेळेत समुद्रात पडला, आणि तोंडवळकरांचं पाप कोणाच्याही आड आलं नाही. आता भाई काय करणार, एवढंच राहिलं. भाईंनी तो फॉर्म दोनदा वाचला. तोंडवळकर समोर उभे होते, छाती वाजत होती.

"शाबास," भाई म्हणाले. "खरा बोललात. आमका असोच माणूस होयो. मगे माका सांगा, ह्या यंत्राक काय होया? बर्फाचो कारखानो लांब होयो. बरोबर? आणि हवा थंड होयी. बरोबर?"

"बरोबर," तोंडवळकर म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांच्या लक्षात आलं की हा युक्तिवादही गोल आहे.

"मगे आंबोली," भाई म्हणाले. "थंयसर एअर कंडिशनर पण नको. देवाची हवा आसा. यंत्र वर न्हेवया, आणि त्याच्यातला समाजणारो एकच माणूस आसा आमच्याकडे. शिक्षा नाय हां ही. बढती. कंप्युटर प्रमुख." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एअर कंडिशनर भाईंच्या केबिनमध्ये बसलाही. कावेरीने मफलरची शेवटची ओळ घातली, दातांनी लोकर तोडली, आणि घडी करून ट्रंकेत वर ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन ती रडली. तोंडवळकरांना ते ऐकू आलं.

चवथ झाल्यावर, गौरी-गणपती पोचवून, तोंडवळकर आंबोलीला गेले. पाऊस तिथे खाली पडत नव्हता, आडवा येत होता. पत्र्याच्या खोलीत ताडपत्रीत गुंडाळलेला कंप्युटर आधीच येऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी एसटीतून कायतान उतरला, चार गाड्या बदलून, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. तीन मालवणच्या ऑफिसात जायला, चौथी तिथून इथे.

"तुमचो चौकोन कंपनीन छापलो," तो म्हणाला, आणि त्याने नवा फॉर्म दाखवला. खरंच तिथे तीन चौकोन होते. तिसऱ्यापुढे कंपनीच्या अक्षरात 'सही करणाऱ्याचा दोष'. "सायबाक लय आवडलो. म्हणालो, आता कसलोच दोष आमच्यार येवचो नाय. माझी नोकरी रवली."

मग त्याने दाखला काढला. तो मालवणच्या ऑफिसातूनच भरून आला होता. 'कंप्युटरसाठी स्वतंत्र वीजवाहिनी: आहे.' खाली सहीची रिकामी रेघ. शेजारी भाईंची चिठ्ठी: सही करून परत पाठवा.

तोंडवळकरांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. मफलर मानेभोवती तीन वेढे घेऊन गुंडाळला, छत्री घेतली, आणि खोकत पावसात बाहेर पडले. वाऱ्याने छत्री उलटी झाली. ती तशीच हातात धरून ते खांबापर्यंत गेले, वर बघितलं, आणि खोलीत येणारी वायर कुठून येते ते बघत तिच्याखालून चालत निघाले. वायर रस्ता ओलांडून परशुरामच्या हॉटेलात शिरत होती, आणि तिथे कोपऱ्यात दगडी ग्राइंडरपाशी जाऊन संपत होती.

"परशुराम, ग्राइंडर कधी लावतंस?" त्यांनी विचारलं. दम लागल्यामुळे हा प्रश्न विचारायला त्यांना दोन वेळा थांबावं लागलं.

"सकाळी. दुपारच्या वड्यांचा पीठ वाटूक."

"किती वाजता?"

"बेळगाव गाडी गेली की. अकरा, अकरा-धा."

तोंडवळकर बाकावर बसले. परशुरामने न विचारता पुढे चहा ठेवला. ते थोडा वेळ फक्त श्वास घेत होते. आता 'आहे' खोडून 'नाही' लिहिलं की भाई चिडणार, आणि चिडल्यावर भाई काय करणार हे त्यांना पाठ होतं. आंबोलीला पाठवणार. ते चहाचा घोट घ्यायचे थांबले. आंबोलीच्या पलीकडे संघाचा नाकाच नव्हता. एवढी साधी गोष्ट त्यांच्या आधी कधी ध्यानातच आली नव्हती.

त्यांनी चहा पुरा केला, परत येऊन 'आहे' वर रेघ मारली, 'नाही' लिहिलं, त्याखाली पुरं नाव लिहिलं, आणि मफलर पिळून कंप्युटरवर वाळत घातला.